मुलांना घरकाम शिकविणे: माया की कर्तव्य?



आमच्या घरी मागे एक वाद झाला. वाद तसा लहानच होता, पण त्याने माझ्या मनात जो प्रश्न उभा केला तो लहान नाही. म्हणून तो आपल्यापुढे मांडण्याचे योजिले आहे.

आमच्या मुलीचा थोरला मुलगा बावीस वर्षांचा आहे. लष्करातून सुटल्यावर त्याने काही महिने नोकरी करून थोडे पैसे साठविले आणि सणांनंतर बेएर शेवाच्या विद्यापीठात शिकायला जाण्याचे ठरविले. तेथे दोन मित्रांबरोबर भाड्याचे घरही पाहून ठेवले. निघायला दोन महिने उरले असता मुलीने त्याला बजावले, की आजपासून तुझे कपडे तू धुवायचे, आठवड्यातून दोन दिवस सगळ्यांचा स्वयंपाक तू करायचा आणि शुक्रवारी घराचा स्पोंजाही तूच करायचा. आमची मंडळी त्या दिवशी तेथेच होती. तिला हे मुळीच रुचले नाही.

"अगं, पोरगा लष्करात राबून आलाय. जायच्या आधी दोन महिने तरी त्याला आयतं खाऊ दे. मी आहे ना अजून!"

"आई, तू आहेस म्हणूनच म्हणते," मुलगी म्हणाली. "तू आहेस तोवरच तो तुझ्याकडून शिकेल."

"तो काय स्वयंपाकी होणार आहे?"

मग दोघी माझ्याकडे वळल्या. मी नेहमीप्रमाणे वर्तमानपत्रात तोंड घातले. पण वर्तमानपत्र काही वाचवत नव्हते. हा वाद आमच्या घरापुरता नाही. आपल्यापैकी ज्यांची मुले-नातवंडे लष्कराच्या, शिक्षणाच्या किंवा नोकरीच्या निमित्ताने घराबाहेर पडतात, त्या प्रत्येक घरात तो आज ना उद्या होतो. बाहेर पडणाऱ्या मुलाला घरकाम शिकविणे हे आईबापांचे कर्तव्य आहे काय? आणि ते न शिकविता मुलाचे सर्व काही आपण करीत राहिलो, तर ती माया म्हणावी की दुसरे काही?

प्रथम माझी स्वतःची हकीकत सांगतो, कारण या बाबतीत मी न्यायाधीशाच्या जागी बसण्यास लायक नाही. मी ठाण्यास वाढलो. वडील रेल्वेत नोकरीला, घरी आम्ही पाच भावंडे. बहिणी सकाळी उठून नळावर पाणी भरायच्या, तांदूळ निवडायच्या, नारळ खवायच्या. आम्ही मुलगे शाळेत जायचो, संध्याकाळी मैदानावर खेळायचो आणि ताटावर येऊन बसायचो. ताट कोठून येते हा प्रश्न आम्हांस कधी पडला नाही. आईने आम्हांस शेमा म्हणायला शिकविले, मोठ्यांच्या पाया पडायला शिकविले, खोटे बोलू नये हे शिकविले. पण स्वतःचा पेला विसळायला शिकविले नाही. तो आम्ही उचलण्यापूर्वीच कोणी तरी उचलीत असे.

1971 साली मी बावीस वर्षांचा असताना आलिया केली. सुरुवातीस एका किबुत्सवरील उल्पानमध्ये राहिलो. अर्धा दिवस हिब्रूचा वर्ग आणि अर्धा दिवस काम, असा तेथील क्रम होता. माझ्या वाट्याला पहिलेच काम आले ते भोजनगृहातील. शेकडो ताटे, वाफाळलेले पाणी आणि माझ्या शेजारी मोठ्या पदावरून निवृत्त झालेले एक वृद्ध गृहस्थ, बाह्या सरसावून उभे! त्यांची तोरानूत होती, म्हणजे पाळी. पाळी आली की तेथे कोणी सुटत नसे. मला वाटले, आईने हे पाहिले तर ती रडेल. पहिल्याच आठवड्यात माझा एकुलता एक पांढरा सदरा मी लाल मोज्यांबरोबर धुलाईस दिला आणि तो गुलाबी होऊन परत आला. तो गुलाबी सदरा घालून मी दोन शब्बाथ काढले.

किबुत्सचे मी फार गोडवे गाणार नाही. स्त्रीपुरुष समान म्हणून ज्यांनी ती वसविली, तेथेसुद्धा स्वयंपाकघर, धुलाईघर आणि बालगृह यांत बायकाच अधिक दिसत आणि ट्रॅक्टरवर पुरुष, हे अनेक अभ्यासकांनी नमूद केले आहे. मीही दोन वर्षांनी लग्न केले, शहरात घर मिळाले आणि ताटे धुण्याची विद्या साफ विसरलो. पुन्हा ताट समोर येऊ लागले. ते कोठून येते हा प्रश्न पुन्हा पडेनासा झाला.

आता शास्त्राकडे वळू. तलमूदात, किद्दुशीन या भागात, बापाची मुलाविषयीची कर्तव्ये मोजून सांगितली आहेत. सुंता करणे, पहिला मुलगा असल्यास त्याला सोडवून घेणे, तोरा शिकविणे, लग्न करून देणे आणि हुन्नर शिकविणे. काहींच्या मते आणखी एक कर्तव्य आहे, ते म्हणजे पोहायला शिकविणे. ही यादी मी तरुणपणी ऐकली तेव्हा पोहण्याची मला गंमत वाटली होती. तोरा आणि लग्न यांच्या पंक्तीला पोहणे कशाला? त्याचे कारणही तेथेच दिले आहे: त्यावर मुलाचा जीव अवलंबून असतो. म्हणजे आपल्या हाखामांच्या दृष्टीने मुलाला पवित्र गोष्टी शिकविल्या की बापाचे काम संपले असे नाही. बाप जवळ नसताना मुलगा पाण्यात पडेल, त्या वेळी तो तरला पाहिजे, ही काळजीही आधीच घ्यायची आहे.

त्याच ठिकाणी रब्बी येहुदा यांचे एक कडक मत आहे. जो बाप मुलाला हुन्नर शिकवीत नाही तो त्याला जणू लुटारूपणा शिकवितो, असा त्याचा आशय. त्यांचा रोख उघड आहे. ज्याला कमावता येत नाही तो पोटासाठी दुसऱ्याचे हिसकावून घेईल. आमची मुले कमावतील, त्यात शंका नाही. कोणी संगणकावर काम करतो, कोणी इस्पितळात, कोणी बँकेत. हुन्नर आपण दिला. तेव्हा या वचनाचा आपल्याशी काही संबंध नाही, असे मी समजत होतो.

त्या दिवशी मात्र मुलीने मला बोलते करण्यासाठी म्हणा किंवा मनात पुष्कळ दिवस साठले होते म्हणून म्हणा, एक गोष्ट काढली.

1995 साली माझी पत्नी मोठ्या दुखण्यातून गेली. शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर सुमारे तीन महिने तिला उठबस करण्याची मनाई होती. त्या वेळी मुलगा अठरा वर्षांचा, लष्करात जाण्याची वाट पाहत घरी होता. मुलगी सतरा वर्षांची, तिचे बगरूतचे वर्ष. पहिल्या दिवशी मी स्वयंपाकघरात गेलो आणि मीठ शोधू लागलो. बावीस वर्षांचा संसार, आणि मला मीठ कोठे असते ते माहीत नव्हते! मुलगी मागून आली, तिने फळीवरचा डबा काढला आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही बसा." मी बसलो. मुलगा तर आधीपासून बसलेलाच होता. पुढे तीन महिने ती पहाटे उठून भात-आमटी करून शाळेत जात असे आणि आल्यावर आईचे अंग पुसणे, कपडे, भांडी, शुक्रवारचा सगळा स्वयंपाक. येणारेजाणारे म्हणत, "पोरगी फार गुणी आहे हो!" मलाही अभिमान वाटे. आजतागायत ती आठवण मी घरातील एक चांगली आठवण म्हणूनच जपली होती.

मुलगी म्हणाली, "बाबा, त्या वर्षी मी गणिताची वरची पातळी सोडली. पाच युनिटांची तीन केली. वेळच नव्हता. तुम्ही मला कधी विचारलंही नाही."

खरेच मी विचारले नव्हते. तिच्या स्वरात राग नव्हता, तक्रारही नव्हती. तिचे आयुष्य चांगले गेले आहे. परंतु तिला पुढे काय शिकायचे होते आणि काय शिकावे लागले, हे मला त्या दिवशी प्रथम कळले. आणि रब्बी येहुदांचे ते वचन माझ्या दारात येऊन उभे राहिले. आमच्या घरात खरोखरच चोरी झाली होती. चोर म्हणजे एक धडधाकट बाप आणि एक धडधाकट भाऊ. आम्ही काही हिसकावून घेतले नव्हते. आम्ही फक्त बसून राहिलो होतो.

कोणी म्हणेल, याला चोरी म्हणणे फार झाले. मुलीने प्रेमाने केले, आणि प्रेमाने दिलेली वस्तू चोरीची कशी ठरेल? आक्षेप योग्य आहे. त्यावर मी पुष्कळ विचार केला. मला असे वाटते, की देणगी ही देणगी ठरण्यास एक अट आहे. देणाऱ्याला नाही म्हणता आले पाहिजे. आमच्या मुलीला नाही म्हणता येत होते काय? ती नाही म्हणाली असती तर आजारी आई उपाशी राहिली असती. कारण घरात दुसऱ्या कोणाला काही येतच नव्हते. आम्हांस येत असते आणि तरीही तिने हौसेने केले असते, तर ती देणगी. आम्हांस येत नव्हते, म्हणून ते तिच्या गळ्यात पडले. आमच्या अज्ञानाने तिचा नकार आधीच खाऊन टाकला होता.

दुसरा कोणी म्हणेल, चांभाराचे काम मला येत नाही, शिंप्याचे येत नाही, म्हणून मी त्यांना लुटतो काय? नाही. चांभाराला मी मोल देतो. मोल पटले नाही तर तो मला परत पाठवू शकतो आणि मी दुसऱ्या दुकानी जाऊ शकतो. जगात प्रत्येकाला प्रत्येक काम यावे असे कोणी म्हणत नाही. घराची गोष्ट वेगळी आहे. तेथील काम रोजचे, न टळणारे, आणि घरात दुसरे दुकान नसते. तेथे एकाला येत नसेल तर दुसऱ्यावर पडते आणि ते पडले आहे हे पुष्कळदा कोणाच्या ध्यानातही येत नाही.

म्हणून घरकाम शिकण्याचा विचार आपण नेहमी करतो त्याहून थोडा निराळा केला पाहिजे. आपण मुलांना सांगतो, शिका म्हणजे तुमचे अडणार नाही, तुम्ही स्वतंत्र व्हाल. हे खरेच आहे. पण अर्धेच खरे आहे. ज्याला आपला भात शिजविता येतो, तो आपल्याबरोबर राहणाऱ्यालाही मोकळा करतो. त्याची बायको थकली असता "आज मला होत नाही" असे म्हणू शकते. त्याच्याबरोबर खोलीत राहणारा मित्र परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक घेऊन बसू शकतो. आपल्या हातातील विद्या ही अशा रीतीने दुसऱ्याच्या स्वातंत्र्याची हमी असते.

यावर आमच्या मंडळींचा जो आक्षेप आहे तो सर्वांत नाजूक आहे आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. ती म्हणते, "सगळ्यांना सगळं यायला लागलं, तर माझी गरज काय राहिली?" आपल्या आया आणि आज्या यांचा मान स्वयंपाकघरात होता. या देशात आल्यावर तर भाषा मुलांची, बाजार मुलांचा, बँक मुलांची. एक चूल तेवढी त्यांची उरली. ती काढून घेतली तर त्यांच्या हाती काय राहील? हातचे करून घालणे हीच त्यांची माया बोलण्याची रीत आहे. तिला चोरीला दिलेले उत्तेजन म्हणण्याइतका मी कृतघ्न नाही.

पण येथेच मला आपल्या समाजाची एक जुनी गोष्ट आठवते. ती आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. कोकणात आपले पूर्वज तेलाचे घाणे चालवीत. शनिवारी घाणा बंद म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांच्यापाशी तोराचे पुस्तक नव्हते, रब्बी नव्हते, हिब्रू विसरली होती. डेविड रहाबी तेथे आले तेव्हा हे लोक खरोखर यहुदी आहेत काय, याची त्यांना परीक्षा पाहायची होती. परंपरा अशी सांगते, की त्यांनी बायकांपुढे मिश्र मासळी ठेवली आणि ती शिजविण्यास सांगितले. बायकांनी पर आणि खवले असलेले मासे घेतले व बाकीचे बाजूला काढले. पापलेट, रावस एकीकडे, कोळंबी, तिसऱ्या, शिंगाळा दुसरीकडे, असे आपण आज समजू. रहाबींची खात्री पटली. पुढे त्यांनी झिराटकर, शापूरकर आणि राजपूरकर या घराण्यांतील तिघांना धर्म शिकवून तयार केले, तेच आपले पहिले काझी, असेही सांगतात.

या कथेत दोन गोष्टी आहेत आणि आपण पहिलीच पाहतो. पहिली ही, की पिढ्यान्पिढ्या आपला धर्म स्वयंपाकघराने राखला. आपल्या सणांची जुनी नावेच पाहा ना. खिरीचा सण, नव्याचा सण! जे ग्रंथात नव्हते ते हातात होते. मटणाच्या रश्शात गाईचे दूध चालत नाही म्हणून आपल्या आज्यांनी नारळाचे दूध घातले आणि कश्रुथ तर सांभाळलेच, वर रस्साही चवदार केला. तेव्हा घरकाम हे हलके काम आहे, ते मुलांच्या शिक्षणाच्या आड येऊ नये, असे जे आपण म्हणतो ते निदान आपल्या तोंडी शोभत नाही. आपल्या समाजाची पहिली परीक्षा माशांच्या टोपलीपाशी झाली आणि ती आपल्या बायकांनी दिली.

दुसरी गोष्ट अशी, की परीक्षेत उतरल्या बायका आणि पुढचे शिक्षण मिळाले पुरुषांना. काळ तसा होता, त्याबद्दल पूर्वजांना दोष देणे नको. मात्र आज आपण त्या वाटणीचा शेवट करू शकतो. तोरा मुलींनाही शिकविली जात आहे, ही आनंदाची गोष्ट. मग टोपलीतील मासे मुलग्यांना ओळखता यायला नकोत काय?

मंडळींना मी हेच सांगितले. तुझ्या हातात जे आहे ते नुसते काम असेल, तर दुसरा कोणी करील आणि तुझी गरज संपेल. पण ती विद्या असेल, तर ती दिल्याने तुझा मान वाढेल. वाढणाऱ्या हाताला लोक जेवणापुरते आठवतात. शिकविणाऱ्या हाताला जन्मभर आठवतात. रामबाम यांनी मिश्ने तोरामध्ये दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. सर्वांत वरची पायरी कोणती? गरजूला कर्ज देऊन, धंद्यात भागी देऊन किंवा काम मिळवून देऊन असे उभे करणे, की त्याला पुन्हा कोणापुढे हात पसरावा लागू नये. परक्यासाठी जर ही सर्वोच्च पायरी, तर आपल्या नातवासाठी आपण खालच्याच पायरीवर का थांबावे? रोज ताट वाढणे हे दान आहे. ताट करायला शिकविणे ही त्याची वरची पायरी आहे.

जे लोक म्हणतात की आता सर्व विकत मिळते, त्यांच्यासाठी थोडेच लिहितो. मिळते खरे. फोन केला की गरम जेवण दारात येते. पण विद्यार्थ्याच्या खिशाला ते महिन्याच्या दहा तारखेपर्यंतच परवडते, हे एक. आणि दुसरे, ते अन्न शिजविणारे व पोचविणारे हातही कोणाचे तरी असतात. ज्याने स्वतः कधी कढई घासली नाही, त्याला त्या हातांची किंमत कळणे कठीण.

'श्यामची आई'मध्ये पत्रावळीचा एक प्रसंग आहे. ज्यांनी मराठी शाळेत शिक्षण घेतले त्यांना तो आठवेल. मुलाला पत्रावळ लावता आली पाहिजे, हा त्या घरचा आग्रह. साने गुरुजींनी त्या लहानशा गोष्टीला पुस्तकात एवढी जागा दिली, याचे कारण मला आता समजते. पत्रावळीवर जेवायचे असेल तर ती कशी लागते हे माहीत हवे, एवढाच त्यातील धडा आहे आणि तो पुरेसा आहे.

आता थोडे व्यवहाराचे. मुलाने घर सोडण्यापूर्वी त्याला काय यावे? आमच्या घरी दोन महिन्यांत जे शिकविले गेले ते सांगतो. दोन प्रकारचा भात, डाळ, अंड्याचा एक पदार्थ आणि नारळाच्या दुधातील कोंबडीचा रस्सा. अंडे आधी वाटीत फोडून रक्ताचा ठिपका नाही ना हे पाहणे. मांसाची आणि दुधाची भांडी निराळी ठेवणे, विशेषतः खोलीतील मित्र ते पाळीत नसतील तर भांडण न करता कसे सांभाळावे ते. उरलेला भात रात्रभर ओट्यावर न ठेवता दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवणे, कारण बाहेर राहिलेल्या भातात असे जंतू वाढतात की ते पुन्हा गरम केल्यानेही त्यांचे विष जात नाही. कपड्यांत रंगीत व पांढरे वेगळे (माझा गुलाबी सदरा हे उदाहरण येथे उपयोगी पडले!). बटण लावणे. स्पोंजा करताना पाणी दाराकडून आत नव्हे, आतून दाराकडे ओढणे.

एक गोष्ट मुद्दाम लिहितो, कारण ती जिवाची आहे. येथील पाण्यात क्षार फार, म्हणून नळावरचा थर काढण्याचे आम्ल घरोघरी असते, आणि एकोनोमिकाही असते. ही दोन कधीही एकत्र करू नयेत. त्यांतून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. बंद न्हाणीघरात तो प्राणावर बेततो. तलमूदातील पोहण्याचे जे कारण, तेच याचे.

शिवाय कागदपत्रांचे घरकाम असते. भाड्याचा करार सही करण्यापूर्वी पूर्ण वाचणे. आर्नोना येथे राहणाऱ्याच्या नावावर येते, हे लक्षात ठेवणे. विजेचे बिल आणि इमारतीचा वाद बायित बाजूला काढून मग उरलेले पैसे आपले समजणे. 1980 च्या कायद्याने येथील नव्या घरांवर सूर्याचे बंब सक्तीचे झाले, पण ढगाळ दिवशी विजेचे बटण दाबून ते बंद करायला विसरणारे तरुण अजून घरोघरी आहेत. यांत आमचा नातू पहिला. आठवडाभरात दोनदा विसरला. तिसऱ्यांदा त्याच्या आईने बिल त्याच्या हातात ठेवले, तेव्हापासून विसरलेला नाही.

शिकविताना एक पथ्य मात्र पाळावे लागते. मुलगा चुकला की आपला हात पुढे धावतो. भात करपू लागला की आजी उठते. तेथे उठायचे नाही. करपलेला भात सर्वांनी एकदा खावा. आम्ही दोनदा खाल्ला. आपण करून टाकले तर पाच मिनिटे लागतात, त्याच्याकडून करून घेतले तर पाऊण तास, आणि त्या पाऊण तासात गप्प बसणे हेच शिकविणाऱ्याचे खरे कष्ट.

शेवटी एक इशारा, तो माझ्या वयाच्या वाचकांना. या सगळ्याचा अर्थ कोणाची गरज लागणे लाजिरवाणे आहे असा मुळीच घेऊ नये. मी आता पंचाहत्तरीला आलो. गुडघ्यामुळे वाकता येत नाही, मोज्यांसाठी दुसऱ्याचा हात लागतो. लहान मूल, आजारी माणूस, म्हातारा माणूस यांना करून घालणे हे ऋण आहे आणि ते समाजाने फेडलेच पाहिजे. ज्याला होत नाही त्याने संकोच न करता घ्यावे. ज्याला होते पण येत नाही, त्याने शिकावे. हा भेद आपण नीट ठेवला नाही म्हणून माझ्यासारखा धडधाकट माणूस तीन महिने आजाऱ्यासारखा बसून राहिला. आणि शिकलेल्या माणसाला पुढे दुसऱ्याकडून घेण्याची पाळी आली, तर तो ते जाणीव ठेवून घेतो. देणाऱ्याचा वेळ गेला आहे हे त्याला ठाऊक असते.

मुलीची मी माफी मागितली. ती म्हणाली, "राहू द्या हो बाबा." पण सकाळचा चहा आता मी करतो. पंचाहत्तराव्या वर्षी चहा शिकणे ही काही सांगण्यासारखी मर्दुमकी नव्हे, तरी मंडळी तो अंथरुणात बसून पिते आणि साखर कमी आहे असे रोज सांगते.

नातू बेएर शेवाला गेला. दुसऱ्याच गुरुवारी रात्री आजीला फोन आला. रस्सा फाटल्यासारखा दिसतोय, काय करू? आजीने विचारले, नारळाचे दूध केव्हा घातलेस, आच किती होती, ढवळीत होतास की सोडून गेलास. पंधरा मिनिटे दोघांचे चालले होते, अर्धे मराठीत, अर्धे हिब्रूत. फोन ठेवल्यावर मी विचारले, "काय गं, गरज संपली का तुझी?" ती काही बोलली नाही. पुढच्या वेळी तो घरी येईल तेव्हा त्याला सांदण शिकवायचे, एवढेच म्हणाली, आणि तांदूळ कोठला आणावा याचा विचार करू लागली.

ज्या वाचकांच्या घरी सणांनंतर कोणी बाहेर पडणार आहे, त्यांनी आजच त्याला किंवा तिला स्वयंपाकघरात हाक मारावी. मीठ कोठे आहे, तेथून आरंभ करावा.

शालोम.